वर जाणाऱ्याची वर्दी

भातसानगर, ता. शहापूर

चि. सोनू,


पुण्यात पाषाणच्या एचईएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेत तू रुजू झालीस हे ताईने फोनवर सांगितलं. आवाजात अभिमान होता आणि धास्तीही. ‘पोरगी दारूगोळ्यात गेली रे,’ म्हणाली. मी म्हटलं, दारूगोळ्यात नाही, रॉकेटच्या इंधनात गेली. तिला ते पटलं नाही. तिचं म्हणणं अगदीच चूक नाही, म्हणून तुला हे सविस्तर लिहितोय.

पाटबंधारे खात्यात असताना पावसाळ्यात रोज सकाळी आठला मी पर्जन्यमापकातलं पाणी मोजत असे. आभाळातून काय पडलं ते मोजताना, वर नेमकं काय चाललंय हा प्रश्न मनात यायचाच. त्यातून मला संशोधन रॉकेटांचा नाद लागला. हवामानाचा नेहमीचा फुगा साधारण तीस-पस्तीस किलोमीटर चढतो. उपग्रह दीडशेच्या खाली फार टिकत नाही. मधल्या पट्ट्यात जाऊन मोजमाप करून येणारं साधन एकच, हे छोटं रॉकेट. काही मिनिटांचं त्याचं आयुष्य, पण तेवढ्यात ते जे सांगतं ते दुसरं कुणीच सांगू शकत नाही.

आणि ते साधन लष्कराच्या घरातच जन्मलं. 1946 साली अमेरिकन सैन्याने जर्मनांकडून आणलेली व्ही-2 रॉकेटं न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सवरून उडवायला सुरुवात केली. टोकाला जिथे स्फोटकं भरायची, ती जागा शास्त्रज्ञांना उपकरणांसाठी मिळाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवेच्या दाट थराच्या वरून सूर्याचा अतिनील वर्णपट टिपला गेला. सैन्याची गरज वेगळी होती. क्षेपणास्त्र विरळ हवेतून जाताना कसं वागेल, रेडिओचे संदेश कुठे बिघडतील, हे त्यांना हवं होतं. विज्ञानाला त्या गरजेच्या कडेकडेने वाट मिळाली. कॅनडात तर संरक्षण खात्याच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेने घन इंधन तपासायला रॉकेट बनवलं आणि त्यातून ‘ब्लॅक ब्रँट’ हे जगभर वापरलं जाणारं संशोधन रॉकेट उभं राहिलं.

आपलंही तसंच. केरळात थुंब्याच्या रॉकेट तळाची जागा शोधण्यात कोल्हापूरच्या एकनाथ चिटणीसांचा मोठा वाटा होता. ती निवडायचं कारण म्हणजे पृथ्वीची चुंबकीय विषुववृत्तरेषा तिथून अगदी जवळून जाते. 21 नोव्हेंबर 1963 च्या संध्याकाळी तिथून पहिलं रॉकेट सुटलं, ‘नाइकी-अपाचे’. खालचा टप्पा अमेरिकेच्या विमानवेधी क्षेपणास्त्राचा, वर फ्रेंच शास्त्रज्ञांनी दिलेलं सोडियमच्या वाफेचं उपकरण. ऐन वेळी क्रेनची हायड्रॉलिक यंत्रणा गळायला लागली, तेव्हा माणसांनी हातांनी ते रॉकेट लाँचरवर चढवलं. मग संधिप्रकाशात केशरी ढग उमटला, आणि तो कसा सरकतो त्यावरून वरचा वारा कळला. एका बाजूला तोफखान्याची ताकद, दुसऱ्या बाजूला वाऱ्याची दिशा. दोन्ही एकाच नळकांड्यात.

तुझ्या कामाच्या सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे वसंत गोवारीकर. जन्म पुण्याचा, बालपण कोल्हापूरचं. इंग्लंडमध्ये रॉकेट मोटरींवर काम करून 1967 मध्ये ते थुंब्याला आले आणि घन इंधनाचा पाया घातला. तुझ्यासारखंच मीही ते काम पुस्तकातूनच शिकलो. अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची भुकटी आणि रबरासारखा बांधणारा पदार्थ सावकाश एकत्र कालवायचे, मधे पोकळी राहील असं मोटरीत ओतायचं, दिवसचे दिवस ऊब देऊन घट्ट होऊ द्यायचं, आणि मग क्ष-किरणांनी तपासायचं. एक केसभर चीर राहिली तरी जळणारा पृष्ठभाग वाढतो, दाब वाढतो आणि मोटर फुटते. अंगावरची स्थिर वीज उतरवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, हे तू शिकलीच असशील. कितीही वर्षं झाली तरी त्यात हयगय करू नकोस.

आपल्या एसएलव्ही-3 रॉकेटने 1980 मध्ये रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. त्याच्याच पहिल्या टप्प्याची घन मोटर पुढे 22 मे 1989 ला पहिल्या ‘अग्नी’ क्षेपणास्त्राच्या पोटात होती. म्हणजे लष्कराकडून विज्ञानाकडे आलेलं, विज्ञानाकडून परत लष्कराकडे गेलं. आणि हेच गोवारीकर 1988 मध्ये सोळा घटकांचं मान्सूनचं प्रारूप घेऊन पुढे आले, ज्यात उंचावरच्या वाऱ्यांनाही जागा होती. आम्ही धरणावर त्या अंदाजाची वाट पाहायचो. 2002 च्या दुष्काळाने ते प्रारूप तोंडघशी पाडलं हे खरं, पण इंधन कालवणाऱ्या माणसाला शेतकऱ्याचा पाऊस आपला वाटला, याचं मोल मला आजही मोठं वाटतं. थुंब्याहून आरएच-200 रॉकेटं वर जाऊन तांब्याचे बारीक तंतू सोडतात, रडार त्यांचा माग काढतं आणि साठ-सत्तर किलोमीटरपर्यंतचा वारा कळतो. तू जे मिसळशील त्यातलं काही असंही उडावं, अशी माझी इच्छा आहे.

पण ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते वेगळंच.

25 जानेवारी 1995. नॉर्वेच्या आंदोया बेटावरून ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करायला एक ब्लॅक ब्रँट सोडलं गेलं. नॉर्वेने रशियासकट अनेक देशांना आधी कळवलं होतं. ते पत्र रडारवरच्या माणसांपर्यंत पोचलंच नाही. त्यांना वाटलं, पाणबुडीतून अण्वस्त्र सुटलं. रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्यापुढे अण्वस्त्रांची पेटी उघडली गेली. रॉकेट समुद्राकडे जातंय हे कळेपर्यंत काही मिनिटं जगाचं नशीब एका न पोचलेल्या कागदावर टांगलेलं होतं.

हे वाचलं तेव्हा मला आपल्या धरणाचे दरवाजे आठवले. भातसाचं पाणी सोडायचं ठरलं की तहसीलला कळवायचं, सापगावपासून काठच्या गावांना कळवायचं, भोंगा द्यायचा. वहीत नोंद व्हायची, वर्दी पोचली. पण पहाटे नदीत जाळं टाकून बसलेल्या कातकऱ्याला कोण सांगणार? म्हणून मी सायकल काढून काठाने जायचो. काहींना वाटायचं, हा उगाच धावतोय. मला तसं कधी वाटलं नाही. आपण सोडणार ते पाणी असो की आग, वाटेतल्या शेवटच्या माणसाला ते आधी कळलं पाहिजे, आणि ते बघणं हा कामाचाच भाग आहे, कामानंतरचं सौजन्य नाही. संरक्षणाच्या कामात गुपितं असणारच. इंधनाचं सूत्र गुप्त ठेव. पण कुठे, कधी, किती अंतरापर्यंत धोका, हे गुपित असता कामा नये. आणि हवेचं जे मोजमाप हाती येईल, त्यातलं देता येईल ते हवामानवाल्यांना मिळावं म्हणून तू बोलत राहा.

पुढेमागे चाचणीला ओडिशात चांदीपूरला जाशील. तिथे चाचणीआधी आसपासच्या वस्त्यांतली माणसं तात्पुरती निवाऱ्यात हलवतात आणि त्यांना भरपाई देतात. धरणग्रस्तांच्या तालुक्यातली तू आहेस, घर सोडायला सांगणं काय असतं ते तुला सांगायला नको. तेव्हा सवड काढून त्या निवाऱ्यात एक चक्कर मार. त्यांना किती आधी सांगितलं, म्हाताऱ्यांना कशातून आणलं, पाणी पुरेसं होतं का, पैसे हातात पडायला किती दिवस लागतात, हे विचारून मला लिही.

ताईची काळजी करू नकोस, तिला मी समजावतो.

तुझा,
मामा