भोंगेवाल्याच्या पेटीतले मनोहारी सिंग

अंबाजोगाई
मंगळवार रात्र

ती. बाबांस,


सुखरूप पोचले. परळीला गाडीतून उतरले तशी स्टँडवर एसटी उभीच होती. इथे रेल्वे नाही, त्यामुळे पुढचे पंचवीसेक किलोमीटर बालाघाटाचा चढ चढूनच यावं लागतं. आईला सांगा, आल्या आल्या योगेश्वरीची ओटी भरली. देवळात रत्नागिरीकडचं एक कुटुंब भेटलं. एवढ्या लांबून कुलदेवतेला आलेली माणसं, आणि आपल्यासारखीच पहिल्यांदा येणारी. कोकणातल्या घरांची देवी इतक्या आत, मराठवाड्यात, कशी काय, हा आईचा प्रश्न मी पुजाऱ्यांना विचारला. त्यांनी देवीच्या लग्नाची सगळी कथा सांगितली. ती घरी आल्यावर सांगेन.

तुमचे मित्र विचारत होते ना, की चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार सोडून रेकॉर्डी शोधायला कुणी अंबाजोगाईला जातं का? त्यांना एवढंच सांगा की शहरातल्या संग्राहकांनी स्वच्छ, चकचकीत एलपी उचलल्या. ज्या छोट्या ईपी लग्नामुंजीत वाजून वाजून करड्या झाल्या, त्या लाऊडस्पीकरवाल्यांकडेच राहिल्या. त्यांना कुणी हात लावला नाही. आपल्याला हव्या आहेत त्या याच.

उद्या सकाळी अशाच एका मंडपवाल्यांकडे जायचं आहे. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची लेक

---

अंबाजोगाई
गुरुवार

ती. बाबांस,

हे पत्र लांबणार. सवडीने वाचा.

मंडपवाले आता वयस्क आहेत. धंदा मुलगा बघतो. त्याच्याकडे मोठाले डीजेचे बॉक्स आहेत. मागच्या खोलीत मात्र वडिलांची पत्र्याची पेटी अजून आहे, आणि तिच्यावर उलटा ठेवलेला ॲल्युमिनियमचा भोंगा. पेटीत तळाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जड रेकॉर्डी, त्यांवर ईपी. प्रत्येक पाकिटावर त्यांनी खूण केली आहे: ‘हळद’, ‘पंगत’, ‘वरात’, ‘गणपती’. सिनेमा कुठला, संगीतकार कोण, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. कुठल्या वेळी काय लावायचं, एवढं महत्त्वाचं. ‘गाईड’ची ईपी पंगतीत सापडली, ‘आराधना’ वरातीत, आणि ‘कश्मीर की कली’ कुठल्याच गठ्ठ्यात नव्हती. ती ते स्वतःसाठी लावायचे.

तुम्ही दिलेला छोटा प्लेअर काढला आणि एकेक लावत गेले. बाबा, एक गोष्ट तुम्हाला आवडेल. जड पिनेनं घासलेल्या रेकॉर्डीतून आधी काय जातं? वरचे, बारीक आवाज. झांजा जातात, घुंगरू जातात, लताबाईंचा ‘स’ फाटतो. पण आल्टो सॅक्सोफोनचा आवाज मधल्या पट्टीत बसतो, म्हणून तो टिकतो. ‘गाईड’मधलं ‘तेरे मेरे सपने’ लावलं तेव्हा मागची व्हायोलिनं धुक्यात गेली होती, रफीसाहेब थोडे फुटत होते, आणि दोन कडव्यांमध्ये सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग जसेच्या तसे आले. सूर खालून हलकेच वर सरकवत नेणं, तो लावून झाल्यावर उशिरा सुरू होणारा कंप, आणि वाक्य संपताना श्वासासह सोडून दिलेला शेवट. घरच्या स्वच्छ एलपीवर मी हे इतकं सुटं कधी ऐकलं नव्हतं. मंडपवाल्यांना म्हटलं, पुन्हा लावू का? ते म्हणाले, “लावा की ताई, माझं काय जातंय!”

वर्षानुवर्षं मुंबईच्या सिनेमात सॅक्सोफोन वाजला की प्रेक्षकाला कळायचं, आता क्लब येणार, दारूचा ग्लास येणार, नाचणारी बाई येणार. तेच वाद्य सचिनदेव बर्मनांनी 1965 साली ‘गाईड’मध्ये एका आश्वासनाच्या गाण्यात ठेवलं आणि मनोहारींनी ते इतक्या मायेनं वाजवलं की क्लब आठवतही नाही. त्याच वर्षी ‘आरजू’तल्या ‘बेदर्दी बालमा’त शंकर-जयकिशन यांच्याकडे तेच वाद्य विरहानं भरून येतं. त्याआधी 1964 मध्ये ‘कश्मीर की कली’त ओ. पी. नय्यर यांच्या ‘है दुनिया उसी की’मध्ये ते हरलेल्या माणसाच्या सोबतीला बसलेलं. आणि 1969 च्या ‘आराधना’तल्या ‘रूप तेरा मस्ताना’त केर्सी लॉर्ड यांच्या ॲकॉर्डियनशेजारी पुन्हा पेटलेलं. वेगवेगळे संगीतकार, वेगवेगळे भाव, फुंकणारा माणूस एकच. संगीतकारांच्या नावांनी लावलेल्या कपाटात हे कधीच दिसणार नाही. त्यासाठी गाणी वादकाच्या नावाखाली लावावी लागतात. आपण वहीत तेच करतोय आणि ते करण्यासारखं काम आहे, याची मला आज पुरती खात्री पटली.

लेबलवर मात्र मनोहारींचं नाव शोधून सापडायचं नाही. सिनेमा, गायक, संगीतकार, गीतकार, बस्स. मनोहारींच्या नावानं निघालेल्या वाद्यसंगीताच्या रेकॉर्डी आहेत, ‘सॅक्स अपील’ तुमच्याकडे आहेच. तिच्या कव्हरवर ते ऐटीत आहेत. पण मला ते आठ-दहा मात्रांच्या जागेतले मनोहारी जास्त मोठे वाटतात. स्वतःच्या रेकॉर्डीवर वादक राजा असतो, सगळं गाणं त्याचंच. दुसऱ्याच्या गाण्यात एवढीशी फट मिळते, तीत शिरायचं, गाण्याचा भाव पुढे न्यायचा आणि गायकाला वाट करून बाजूला व्हायचं. अमेरिकेतल्या ब्लू नोट कंपनीच्या जॅझ रेकॉर्डींवर बाजूच्या प्रत्येक वादकाचं नाव छापलेलं असायचं, म्हणून तिकडच्या संग्राहकांना माग काढता येतो. तिथेही चुकायचं. तुम्ही 1978 च्या जॅझ यात्रेत ऐकलेले सॉनी रोलिन्स, ते रोलिंग स्टोन्सच्या 1981 च्या ‘टॅटू यू’मध्ये वाजले आहेत आणि कव्हरवर त्यांचं नाव नाही! एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर ताडदेवच्या स्टुडिओतून संध्याकाळी पेटी उचलून दुसऱ्या रेकॉर्डिंगला धावणाऱ्या वादकाचं काय?

अठ्ठ्याहत्तरांमध्ये ‘अलबेला’ निघाली, 1951 ची. आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र, आणि सोबतीला गोव्याचे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट. ते तर बँडसह पडद्यावरही दिसतात, हे भाग्य किती जणांना मिळालं! रेकॉर्ड कडेला फुटली आहे, तरी मागितली. फुकट दिली.

आणखी एक सापडली, ‘ये रात फिर ना आएगी’ची ईपी, 1966, ‘हुजूरेवाला’ असलेली. ही आपल्या यादीत पेननं लिहा. ऐकून ओळखल्यासारखी वाटली पण वादकाच्या तोंडून दुजोरा नाही, अशी गाणी नेहमीप्रमाणे पेन्सिलीनंच.

तुमची लेक

---

अंबाजोगाई
शनिवार

ती. बाबांस,

काल मंडपवाल्यांनीच मला एका बँडमास्तरांकडे नेलं. जुन्या गावात, बोळाच्या टोकाला घर. हे गाव निजामाच्या काळात मोमिनाबाद होतं, घोडदळाची छावणी होती. बँडचा इथला वारसा तिथपासूनचा आहे का, असं मी विचारलं. मास्तर म्हणाले, “आमचा वारसा म्हंजे माझा बाप, आन् त्येच्या आधी काय ते देवाला ठावं.” बाप क्लॅरिनेट वाजवायचा, हे सॅक्सोफोन.

त्यांनी वाद्य दाखवलं. चांदीचा मुलामा उडून पितळ पिवळं पडलंय. एका चावीला रबरबँड बांधलाय, कारण स्प्रिंग गेली. खालच्या भोकांवरचे पॅड चामड्याचे, इथल्याच चांभाराकडून कापून घेतलेले, चहाच्या कपाच्या बुडाएवढे. रीड जिभेवर भिजवून त्यांनी दोन-तीनदा फुंकर मारली आणि मग वाजवलं. दात गेलेत, म्हणून सूर थोडा हवेत विरतो. पण त्यांनी वाजवलं काय, ऐका: ‘है दुनिया उसी की’ची चाल नव्हे, सुरुवातीचा सॅक्सोफोन. मग कडव्यांमधलाही. सगळा, घसरणीसकट.

मी विचारलं, वरातीत तर गाण्याची चाल वाजवतात, हा तुकडा कुठून शिकलात? तर मंडपवाल्यांच्या याच पेटीतून. रात्री लग्न आटपलं की हे दोघं रेकॉर्ड लावून बसायचे. मास्तर पिन उचलून परत त्याच जागी ठेवायचे, हवा तो तुकडा बोटांत बसेपर्यंत. “रेकॉर्ड खराब व्हायची, मी शिव्या द्यायचो,” मंडपवाले म्हणाले. करड्या झालेल्या त्या ईपीवर मधेच एक पट्टा जास्त झिजलेला का आहे, हे मला तेव्हा कळलं. गायकाची चाल कुणीही वाजवतं, मास्तर म्हणाले, पण मधलं म्युझिक वाजवलं की नवरदेवाकडची माणसं वळून बघायची.

म्हणजे बाबा, मनोहारी सिंगांचं वादन या गावाच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं वाजत होतं. वाजवणाऱ्यानं ते मनापासून शिकून घेतलं होतं. आणि ज्याच्याकडून शिकला त्याचं नाव त्याला ठाऊक नव्हतं.

“त्यो वाजवणारा कोण व्हता?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. 1931 साली कलकत्त्यात जन्म, घराणं मूळचं नेपाळी. पोरवयात बाटाच्या बूट-कारखान्याच्या ब्रास बँडमध्ये शिरले. तिथे जोसेफ न्यूमन नावाचे हंगेरियन बँडमास्तर होते, त्यांच्या हाताखाली तयार झाले. पुढे कलकत्त्याच्या फिर्पोज रेस्टॉरंटात जॅझ वाजवलं. सलील चौधरींनी 1958 मध्ये मुंबईला आणलं, ‘सितारों से आगे’पासून सचिनदेव बर्मनांकडे वाजवू लागले, मग राहुलदेव बर्मनांचे अरेंजर झाले. बासुदेव चक्रवर्तींसोबत बासू-मनोहारी या नावानं ‘सबसे बडा रुपैया’ला संगीतही दिलं. 2010 मध्ये गेले.

मास्तरांनी बाकीचं फारसं मनावर घेतलं नाही. ते बाटाच्या बँडपाशी थांबले. “बँडवालाच की मग! बूट शिवणाऱ्यांच्या बँडमधला!” असं म्हणून त्यांनी सुनेला हाक मारली, नातवाला बोलावलं, आणि मला ते सगळं पुन्हा सांगायला लावलं. नातू डीजेवाल्यांकडे कामाला जातो. तो उभा राहून ऐकत होता.

मला ग्रेगरी बूथ यांची आठवण झाली. न्यूझीलंडच्या विद्यापीठातला हा संशोधक, त्यानं 2005 मध्ये ‘ब्रास बाजा’ हे पुस्तक लिहिलं लग्नाच्या बँडवाल्यांवर, आणि 2008 मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ मुंबईच्या सिनेमातल्या वादकांवर, त्यांच्याच मुलाखती घेत. दोन्ही विषय एकाच माणसाला का खुणावले असतील, ते या बोळात बसून नीट समजतं. सिनेमाच्या पडद्यामागचा आणि वरातीपुढचा वादक हे एकाच बिरादरीचे.

आज सकाळी दासोपंतांची पासोडी पाहिली. एवढ्या लांबलचक कापडावर ओळीमागून ओळ लिहीत गेलेला माणूस! मुकुंदराजांच्या समाधीकडे दुपारी जाईन, आईसाठी तिथला अंगारा घेते. उद्या निघते.

एक काम तुमच्याकडे. मास्तरांना आपली पेननं लिहिलेली यादी हवी आहे: गाणं, सिनेमा, साल, आणि प्रत्येक ओळीपुढे मनोहारी सिंग हे नाव. मी करून देणार होते, पण अक्षर तुमचंच चांगलं. फुलस्केपवर, ठळक आणि मोठं लिहा, त्यांना चष्मा लावूनही कमी दिसतं. नातवाला भिंतीवर लावायची आहे. ‘हुजूरेवाला’ विसरू नका, ते मास्तरांना वाजवता येत नाही आणि आता शिकायचं म्हणतात.

तुमची लेक