आजीच्या उपवासाची जिलेबी

जबलपूर म्हटलं, की भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधार धबधबा आठवतो. पण तेवढंच पाहून परतणारा एका अस्सल चवीला मुकतो. सहलीत आजीचा उपवास असला, की बाकीचे समोसे खातात आणि ती केळ्यावर भागवते. इथे मात्र तिला घेऊन कमानिया गेटपाशी जावं. १९३९च्या त्रिपुरी काँग्रेसच्या स्मरणार्थ ही कमान उभारली. जवळच बडकुलांचं दुकान आहे. १८८९मध्ये याच घराण्यानं खव्याची जिलेबी सुरू केली. रंग गुलाबजामसारखा गडद, आतून मऊ, पाकात मुरलेली. मैदा अजिबात नाही. खवा आणि तिखूर, म्हणजे आरारूटासारखं कंदाचं सत्त्व. म्हणून ती उपवासालाही चालते. घरी न्यायला पुडा जरूर बांधून घ्यावा. पण पहिली जिलेबी तिथेच, गरमागरम आणि आधी आजीला!