शब्द कळले पाहिजेत

दोन वर्षांपूर्वी आम्ही पत्र्याचे घर पाडून दहा बाय दहाची पक्की खोली बांधली. सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब, खाली फरशी. मुलाने पहिल्या पगारातून मोठा स्पीकर आणला. १४ एप्रिलला सकाळी वंदना झाल्यावर त्याने वामनदादा कर्डकांचे गाणे लावले. वामनदादा आपल्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे.

आई म्हणाली, "आवाज लई हाय, पन दादा काय सांगत्यात ते कळंना."

मुलाने आवाज आणखी वाढवला. खिडक्या हादरल्या, शब्द मात्र बुडाले. आम्ही स्पीकरला नावे ठेवली. पण दोष खोलीचा होता.

हे मला त्रिरश्मी लेण्यांत उमगले. तिथल्या १८ क्रमांकाच्या चैत्यगृहात वंदना म्हटली, तर शब्द संपला तरी दगडात घुमत राहतो. वंदना संथ असते म्हणून ते गोड लागते. भरभर म्हटलेले गाणे तिथे एकात एक मिसळून जाईल. आमच्या रिकाम्या खोलीत लहान प्रमाणात तेच होत होते. सिमेंट आवाज पीत नाही, परत फेकते. शिवाय कोपऱ्यातल्या दोन्ही भिंती खालचा जड आवाज फुगवतात. आमचा स्पीकर नेमका कोपऱ्यात होता!

मग स्पीकर कोपऱ्यातून काढला, भिंतीपासून हातभर पुढे घेतला आणि बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवला. समोरच्या भिंतीवर आईने शिवलेली जाड गोधडी टांगली. बाजूला बाबासाहेबांच्या ग्रंथांचे कपाट उघडे ठेवले. गोधडीने तीक्ष्ण घुमणे कमी होते, जड आवाज मात्र तिला जुमानत नाही. त्यासाठी स्पीकरची जागाच बदलावी लागते. एवढे करून आवाज निम्मा केला.

आईने डोळे मिटले आणि गाण्याबरोबर ती एकेक शब्द पुटपुटू लागली.

आईला अक्षरओळख नाही. २ मार्च १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह, १९३५ ची येवल्याची घोषणा, हे सारे तिला जलशांतून आणि गाण्यांतून कळले. गाणे हीच तिची शाळा. त्या शाळेतला शब्दच ऐकू आला नाही, तर नुसता दणदणाट काय कामाचा?

येत्या जयंतीला बंधू-भगिनींनी आवाज वाढवण्याआधी स्पीकरची जागा बदलून पाहावी. शेजारच्या अभ्यास करणाऱ्या लेकरांनाही बरे वाटेल.

जयभीम!