कलम 38 चे भामटे

गुन्हेगारी मालिकांची एक ठरलेली रीत असते. पहिल्या भागात प्रेत सापडायचे आणि शेवटच्या भागापर्यंत खुनी शोधायचा. दक्षिण कोरियाच्या ओसीएन वाहिनीवर 17 जून 2016 रोजी सुरू झालेल्या ‘स्क्वॉड 38’ने ही रीत सुरुवातीलाच मोडली. इथे शोधायचे काही नाहीच. गुन्हेगार कोण हे साऱ्या शहराला ठाऊक. त्याचा पत्ता महापालिकेच्या दप्तरात, त्याने बुडवलेल्या कराचा आकडाही तिथेच. तो लपलेला नाही, पळालेला नाही; उलट छान मजेत राहतो आहे. जप्तीला माणसे गेली की हसतमुखाने दार उघडतो, कारण कागदोपत्री त्या घरातले काहीच त्याचे नसते. घर बायकोचे, गाडी कंपनीची आणि कंपनी भलत्याच कुणाची तरी.

अशा माणसाकडून पैसे काढायचे कसे, एवढाच या सोळा भागांचा प्रश्न आहे. आणि सोवन नावाच्या काल्पनिक शहरातल्या करवसुली खात्याचा एक मधला अधिकारी त्याचे जे उत्तर शोधतो, ते ऐकून कुठल्याही सरकारी नोकराला घाम फुटावा. तो एका भामट्याला हाताशी धरतो. थकबाकीदाराला गंडा घालायचा आणि मिळालेले पैसे त्याच्याच नावाने करापोटी भरून टाकायचे!

हा अधिकारी म्हणजे बेक सोंग-इल. भूमिकेत मा दोंग-सोक. ज्यांनी हा नट पाहिला आहे त्यांना या निवडीतली गंमत लगेच कळेल. बैलासारखी मान, हातोड्यासारखे हात. मालिका चालू असतानाच, 20 जुलैला, त्याचा ‘ट्रेन टू बुसान’ कोरियात प्रदर्शित झाला. म्हणजे चित्रपटगृहात हाच माणूस नुसत्या मुठींनी मुडद्यांच्या झुंडी आडव्या करत होता आणि शुक्रवार-शनिवारच्या रात्री टीव्हीवर खांदे पाडून साहेबांची बोलणी खात होता. एवढ्या ताकदीच्या माणसाला नियमांच्या चौकटीत हतबल उभे केलेले बघताना जी चीड येते, ती संवादांतून आली नसती. त्यात भर म्हणजे तो स्वतःच जुनी गाडी घेताना फसतो, आणि त्याला फसवणारा यांग जोंग-दो (सो इन-गुक) हाच पुढे त्याचा भागीदार होतो. तरुण, गोडबोल्या, एका वाक्यात तीनदा खोटे बोलणारा. तिसरी महत्त्वाची व्यक्ती त्याच खात्यातली छन सोंग-ही. ‘गर्ल्स जनरेशन’ या गाजलेल्या गायिकांच्या चमूतल्या सूयंगने ती केली आहे. ती कायद्यावर अडून बसते, म्हणून प्रेक्षकाला मधूनमधून तिचा राग येतो. तो राग पटकथेने मुद्दाम आणवला आहे.

नावातला 38 हवेतून आलेला नाही. सोल महापालिकेने 2001 मध्ये थकीत कर वसूल करण्यासाठी एक खास पथक उभारले आणि त्याला राज्यघटनेच्या कलमाचा आकडा दिला. कोरियाच्या घटनेचे 38 वे कलम सांगते की सर्व नागरिकांवर कायद्याने ठरवून दिल्याप्रमाणे कर भरण्याचे कर्तव्य आहे. शेवटपर्यंत माग काढायचा आणि वसूल केल्याशिवाय सोडायचे नाही, अशा अर्थाचे या पथकाचे ब्रीद. पुढे त्याचे रीतसर खाते झाले. ही माणसे घरात शिरतात, तिजोऱ्या उघडतात, गाड्यांच्या नंबरप्लेट काढून नेतात. जप्त वस्तूंवर लाल चिठ्ठ्या चिकटतात. कोरियन मालिकांत घराण्याची पडझड दाखवायची असली की ही लाल चिठ्ठी हमखास येते.

पण कायद्याने त्यांना हात घालायला बंदी कुठे केली आहे, ती यादी वाचण्यासारखी आहे. थकबाकीदाराच्या कुटुंबाचे तीन महिन्यांचे अन्न आणि इंधन, अंगावरचे कपडे, पूजेअर्चेच्या वस्तू, थडग्याचा दगड, घराण्याची वंशावळ, मिळालेली पदके. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे खरोखर दिवाळे निघालेला माणूस असणार. त्याचे चूलपाणी चालावे, पितरांपुढे त्याची लाज राखली जावी, ही त्यामागची माणुसकी. दिवाळखोरीचे सोंग घेतलेल्या श्रीमंतालाही याच सभ्यतेने वागवावे लागते, आणि गोची तिथे होते.

या सोंगाचे सर्वांत मोठे उदाहरण मालिकेतले नाही, इतिहासातले आहे. लष्करी उठावाने सत्तेवर आलेले माजी राष्ट्राध्यक्ष चुन दू-ह्वान यांच्याकडून 22 हजार 50 कोटी वॉन वसूल करण्याचा निकाल 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाला. रक्कम लाचेची होती. 2003 मध्ये मालमत्ता जाहीर करायची वेळ आली तेव्हा आपल्या खात्यात फक्त 2 लाख 90 हजार वॉन आहेत, असे त्यांनी सांगितले. तेव्हाच्या दराने साधारण अकरा हजार रुपये. मग सोलच्या योन्हुई-दोंगमधला बंगला कुणाचा, गोल्फ कुणाच्या पैशांनी चालायचा? हा आकडा कोरियात दोन दशके विनोदाचा विषय झाला. ते स्थानिक करही थकवून बसले होते, सुमारे 98 कोटी वॉन. 2018 च्या नोव्हेंबरात 38 चे पथक त्यांच्या दारात गेले, तर साहेबांना अल्झायमर झाला आहे असे सांगून परत पाठवले गेले. डिसेंबरात पुन्हा जाऊन त्यांनी टीव्ही, फ्रिज वगैरे नऊ वस्तू जप्त केल्या. 2021 मध्ये चुन वारले तेव्हा त्या 22 हजार कोटींतली निम्म्याहून थोडीच अधिक रक्कम सरकारजमा झाली होती.

आणखी एक नाव चोंग ते-सू यांचे. हानबो उद्योगसमूहाच्या या संस्थापकाकडे 22 हजार कोटींहून अधिक वॉनचा कर थकला होता आणि थकबाकीदारांच्या जाहीर यादीत ते वर्षानुवर्षे अग्रभागी होते. 2007 मध्ये ते देशाबाहेर गेले ते परतलेच नाहीत. इक्वाडोरमध्ये त्यांचा मृत्यू झाल्याचे 2019 मध्ये उघड झाले. ती यादी राष्ट्रीय करखाते 2004 पासून प्रसिद्ध करते. आधी 100 कोटी वॉनच्या वरच्यांचीच नावे छापली जात. मर्यादा उतरत उतरत 2016 मध्ये 30 कोटींवर आली. म्हणजे मालिका लागली तेव्हा अशी बरीच मंडळी कोरियन प्रेक्षकाला नावानिशी माहीत होती. त्यांना लाज वाटत नाही, हेही माहीत होते.

म्हणूनच कायद्याने न जमलेले काम भामटा करतो तेव्हा ते पटते. पण नुसता सूड म्हणून पटत नाही. पटकथाकार हान जोंग-हून यांची खरी चलाखी वेगळीच आहे. ज्या माणसाने सगळे दुसऱ्यांच्या नावावर ठेवले, तो सरकारपासून सुरक्षित असतो. मात्र जे स्वतःचे आहे असे त्याला म्हणताच येत नाही, ते चोरीला गेल्यावर तो फिर्याद कुठे देणार? पोलीस ठाण्यात पहिलाच प्रश्न येईल, एवढे पैसे तुमच्याकडे आले कुठून. ज्या भिंतीने वसुली अधिकाऱ्याला अडवले, त्याच भिंतीमागे यांग जोंग-दोला निवांत काम करता येते.

बेनामी पैशाला कोरियात मोठा इतिहास आहे. 1982 मध्ये चांग योंग-जा या बाईने गुप्तचर खात्यात वरच्या पदावर राहिलेल्या नवऱ्याच्या साथीने हुंड्यांचा प्रचंड घोटाळा केला आणि खऱ्या नावाने बँकव्यवहार करण्याच्या कायद्याची चर्चा पेटली. तो अमलात यायला अकरा वर्षे गेली. 12 ऑगस्ट 1993 च्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष किम योंग-साम यांनी आणीबाणीचा हुकूम काढला, कारण आधी कुणकुण लागली असती तर पैसा रातोरात पसार झाला असता. एवढे करूनही पळवाट राहिलीच: दोघांच्या संमतीने दुसऱ्याच्या खात्यात पैसे ठेवले तर शिक्षा नव्हती. ती 2014 मध्ये आली, आणि सोबत आणखी एक तरतूद आली. खाते ज्याच्या नावावर, पैसा त्याचाच धरायचा. ‘स्क्वॉड 38’ पाहताना हे ध्यानात ठेवावे. बुडव्याला आता मेव्हण्याच्या प्रामाणिकपणावर जगावे लागते, आणि भामट्याला आत शिरायला तेवढी फट पुरते.

भामट्यांबद्दल मात्र मालिका जरा जास्तच मऊ आहे. खोटे ऑफिस, खोटे फोन, खोटे दलाल उभे करणारी ही टोळी लोभस आहे. सोंग ओक-सूक यांची सावकारबाई तर धमाल. पण मालिका सुरू झाली त्याच जून महिन्यात कोरियन सरकारी वकिलांनी चो ही-पल हा मेला असल्याचे जाहीर करून त्याच्यावरची चौकशी संपवली. व्यायाम-उपचाराची यंत्रे भाड्याने देण्याची योजना काढून या माणसाने हजारो लोकांचे सुमारे 4 लाख कोटी वॉन गिळले आणि 2008 च्या अखेरीस तो चीनला पळाला. तीन वर्षांनी मेल्याची बातमी आली, तर त्याच्या अंत्ययात्रेची चित्रफीतही लोकांना बनाव वाटली. त्याने नाडलेले बहुतेक जण साधे ठेवीदार होते. पडद्यावरचा भामटा फक्त श्रीमंत चोरांनाच लुटतो, ही सवलत पटकथेने त्याला दिली आहे. ती घेतल्याशिवाय ही मालिका एक भागही चालली नसती, हे मान्य. पण ती सवलतच आहे.

दुसरी खोच नावातच दडली आहे. कलम 38 नुसते कर भरा म्हणत नाही, कायद्याने ठरवल्याप्रमाणे भरा म्हणते. ते बंधन नागरिकाइतकेच सरकारवरही आहे. सरकारने वाटेल तशी वसुली करू नये म्हणूनच ते घातले गेले. बेक सोंग-इलच्या टोळीने भरलेला पैसा तिजोरीत जातो, पावती फाटते, पण त्याला कर म्हणावे की लूट? छन सोंग-ही हाच प्रश्न लावून धरते. मालिका तिला उत्तर देत नाही, तिला हळूहळू आपल्या बाजूला ओढून घेते. जिथे ती ओढली जाते तिथे कथा रंगते आणि विचार थोडा ढिला पडतो. त्याची भरपाई वरिष्ठांच्या चित्रणात होते. बुडव्यांचे खरे संरक्षण महापालिकेच्याच वरच्या मजल्यावर होत असते, हे उलगडत जाताना बेक सोंग-इलचा थकवा मा दोंग-सोकने फार सुरेख दाखवला आहे. आयुष्यभर नियमाने वागलेल्या माणसाला नियम कुणासाठी होते ते पन्नाशीच्या उंबऱ्यावर कळते.

ही कल्पना जपानलाही भावली. ‘वन कट ऑफ द डेड’वाले शिनइचिरो उएदा यांनी तिच्यावरून ‘अँग्री स्क्वॉड’ हा चित्रपट केला आणि तो 2024 च्या नोव्हेंबरात प्रदर्शित झाला. तिथेही गरीब स्वभावाचा करअधिकारी आणि त्याच्या मदतीला ठगांची टोळी.

सोलच्या खऱ्या पथकाला मात्र 2021 मध्ये जे सापडले, ते दोन्हीकडच्या लेखकांना सुचले नव्हते. त्यांनी आभासी चलनाच्या बाजारांकडून माहिती मागवली आणि 676 थकबाकीदारांची 2,510 कोटी वॉनची चलने गोठवली. कर भरायला दमडी नाही म्हणणारी ही माणसे. त्यांतल्या 118 जणांनी लगोलग 126 कोटी वॉन भरून टाकले. बाकीच्यांपैकी काहींनी खात्याला विनंती केली, की चलन इतक्यात विकू नका, भाव अजून वर जाणार आहे.