नेमके किती बांधावे

मोडलेले हाड प्लास्टरने जुळते, ही समजूत घरोघरी इतकी मुरलेली आहे की ‘प्लास्टर किती दिवस ठेवायचे?’ हाच रुग्णाचा आणि त्याच्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो. वस्तुतः हाड जुळवण्याचे काम शरीर आपले आपणच करते. हाड मोडते तेव्हा त्याच्यातील रक्तवाहिन्याही फाटतात आणि मोडलेल्या टोकांभोवती रक्त साकळते. पुढील दोन-तीन आठवड्यांत त्या साकळलेल्या रक्ताची जागा तंतू आणि कूर्चा यांचा मऊ सांधा घेतो, ज्याला कॅलस म्हणतात. मग त्यात कॅल्शियमचे क्षार बसून तो कठीण होतो, आणि त्यानंतर कित्येक महिने, लहान मुलांत तर काही वर्षे, त्या ओबडधोबड सांध्याला घडवून मूळ आकाराजवळ नेण्याचे काम चालू राहते. प्लास्टरकडे येते ते एवढेच, की हे घडत असताना टोके समोरासमोर राहावीत आणि फार हलू नयेत. काम मर्यादित आहे म्हणून ते सोपे मात्र नाही. हाताचा कोणता भाग धरून ठेवायचा आणि कोणता मोकळा सोडायचा, याचा निवाडा प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत नव्याने करावा लागतो.

हा निवाडा जुना आहे. सुश्रुतसंहितेत सांधे निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगितले आहेत, आणि उपचारात मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली व बांबू यांचे ‘कुश’, म्हणजे बाहेरून आधार देणाऱ्या पट्ट्या, बांधायला सांगितल्या आहेत. गावोगावचे हाडवैद्य आजही ज्या बांबूच्या कामट्या बांधतात, त्यांचे हे पूर्वरूप मानता येईल. परंतु त्या ग्रंथातील अधिक मोलाचा भाग बांधणीच्या मापाचा आहे: बंध सैल झाला तर सांधा स्थिर राहत नाही आणि फार आवळला तर सूज, वेदना व पू होतो, म्हणून बंध मध्यम असावा, आणि तो थंड ऋतूत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी व उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधावा. तरुण वयात एक महिना, मध्यम वयात दोन आणि उतारवयात तीन महिने, असा जुळण्याचा काळही तेथे दिला आहे. आकडे आज हाडागणिक बदलतात, पण वयाबरोबर काळ वाढतो हे निरीक्षण टिकून आहे.

आजच्या प्लास्टरचा पाया १८५२ साली अँटोनियस मॅथिजसेन या डच लष्करी शल्यचिकित्सकाने प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत आहे. त्याने सुती कापडात प्लास्टर ऑफ पॅरिसची कोरडी भुकटी घासून भरली, जेणेकरून पट्टी हवी तेव्हा भिजवावी आणि अवयवाभोवती गुंडाळावी. ही भुकटी म्हणजे तापवून पाण्याचा बराचसा अंश काढून टाकलेला जिप्सम. पाणी मिळताच ती पुन्हा जिप्सम होते, काही मिनिटांत घट्ट बसते आणि बसताना उष्णता सोडते. त्यामुळे गरम पाण्यात भिजवलेले जाड प्लास्टर लवकर बसते खरे, पण कातडी भाजूही शकते. म्हणून जाणकार हात कोमट किंवा साधे पाणीच घेतो.

या कलेची रोजची परीक्षा मनगटाजवळ होते. पडताना माणूस सहज हात पुढे टेकतो आणि सगळा भार रेडियस या अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर येऊन ते मनगटाच्या किंचित वर मोडते. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या एक्क्याऐंशी वर्षे आधी, केवळ पाहून आणि चाचपून या मोडीचे वर्णन केले, आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मोडलेला तुकडा हाताच्या पाठीकडे सरकल्याने मनगटाला बाजूने पाहता उलट्या ठेवलेल्या काट्या-चमच्यातील काट्यासारखा बाक दिसतो. हाड बसवताना सहायक कोपराजवळ दंड धरतो आणि बसवणारा हात आपल्याकडे ओढतो. ही ओढ एकदम झटका देऊन न घेता एकमेकांत रुतलेली टोके सुटेपर्यंत सावकाश धरून ठेवावी लागते, आणि मग अंगठ्यांनी तुकडा तळव्याकडे दाबायचा असतो. पाठीकडील बाजूचे अस्थ्यावरण, म्हणजे हाडावरचा चिवट पापुद्रा, बहुधा अखंड राहिलेला असतो, आणि तो ताणला गेला की बसवलेला तुकडा त्याच्या आधाराने जागेवर राहतो.

प्लास्टर याच ताणाच्या आधारे घालावे लागते. आधी कापसाचा एकसारखा थर, मनगटाच्या टोकदार हाडावर थोडा जाड. मग पट्टीचा रोल पाण्यात तिरका धरायचा, बुडबुडे थांबले की दोन्ही टोके मध्याकडे दाबून हलकेच पिळायचा आणि न ओढता, जणू लोळवत नेल्याप्रमाणे गुंडाळायचा. ओल्या प्लास्टरला आकार तळहाताने द्यायचा असतो, कारण बोटाचे टोक रुतले तर तिथला खळगा तसाच सुकतो आणि आतून कातडीवर दाबून जखम करतो. मनगट तळव्याकडे व करंगळीकडे थोडे झुकवून, तीन ठिकाणी विरुद्ध दाब देऊन घडवलेले प्लास्टर बाहेरून वाकडे दिसते आणि आत हाड सरळ धरते. मात्र ते झुकवणे अति झाले तर मनगटातून जाणारा मध्य मज्जातंतू चेपतो आणि अंगठ्यासह पहिली बोटे बधिर होतात. शेवटी कडा कापताना तळहातावरची बोटांच्या मुळाजवळची घडी आणि अंगठा मोकळा राहिला आहे ना, हे तपासावे लागते, कारण ती घडी झाकली गेली की मूठ पूर्ण वळत नाही.

घट्टपणाचा खरा धोका पहिल्या दोन दिवसांत असतो, कारण सूज वाढत असते आणि प्लास्टर वाढत नाही. म्हणून सुरुवातीला बहुधा पूर्ण वेढा न देता एका बाजूने आधार देणारा स्लॅब बांधतात. हा धोका म्हणजे स्नायूंच्या न ताणणाऱ्या कप्प्यात दाब वाढून त्यांचा रक्तपुरवठा तुटणे, यालाच कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. त्यातून हात आखडून कायमचा निकामी होतो, याचे वर्णन जर्मनीच्या रिचर्ड फोल्कमान यांनी १८८१ साली केले. लहान मुलांच्या कोपराजवळील मोडीत ही भीती विशेष असते, आणि सुजेवर करकचून बांधलेल्या कामट्यांनीही हेच घडते. मोडीच्या मानाने फार जास्त वेदना आणि बोटे सरळ करताच येणारी कळ, ही पहिली खूण. नाडी लागते म्हणून निश्चिंत राहणे चुकीचे, कारण ती बराच काळ लागत राहू शकते. अशा वेळी प्लास्टर कातडी दिसेपर्यंत, आतल्या कापसासह, उभे चिरावे लागते, कारण रक्ताने भिजून सुकलेला कापूसही आवळतो. वेदनाशामक देऊन सकाळपर्यंत थांबणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

मोकळे ठेवण्याचे माप तितकेच कठोर आहे. मनगटाच्या प्लास्टरातील हात जपून गळ्यात लटकवून ठेवला की बोटे आणि खांदा आखडतात, आणि सहा आठवड्यांनी हाड जुळलेले असूनही केसांपर्यंत हात जात नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून मूठ वळणे-उघडणे आणि खांदा डोक्यावर नेणे हा उपचाराचाच भाग ठरतो. साध्या घसरण्याने मनगट मोडलेल्या उतारवयातील स्त्रीला आणखी एक गोष्ट सांगावी लागते: हाडे विरळ झाल्याची, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसची, ही आगाऊ सूचना असू शकते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर पुढची मोड खुब्याची असू शकते.

या कलेला मर्यादा आहेत. सांध्याच्या पृष्ठभागात शिरून सरकलेली मोड प्लास्टर सहसा धरू शकत नाही, तेथे प्लेट आणि स्क्रू लागतात. तरीही १९६२ साली आधुनिक कृत्रिम खुब्याची शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखवणाऱ्या जॉन चार्न्ली यांनी त्याआधी, १९५० साली, हाड न उघडता मोड बसवण्यावरच ग्रंथ लिहिला होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शस्त्र कधी उचलू नये हे कळायला हाताने बसवता येणे आवश्यक असते. उतारवयातील मनगट थोडे वाकडे जुळले तरी पुष्कळदा उत्तम काम देते, तर एक्स-रेवर सुरेख दिसणाऱ्या मनगटाची बोटे कधीकधी कडक झालेली असतात. प्लास्टर कापल्यानंतर एक्स-रे पाहून झाला की रुग्णाला मूठ आवळायला, कुलूप उघडायला, पोळी लाटून पाहायला सांगावे. बांधणी योग्य मापाची होती की नाही, याचा निकाल त्यातून लागतो.