बोटं पांढरी पडतात तेव्हा: रक्ताचा रिपोर्ट काय सांगतो आणि काय नाही

डिसेंबर-जानेवारीत आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात पहाटे हौदाच्या पाण्यात हात घातला की बोटं गारठणारच. पण तुमची बोटं आधी पांढरीफटक, मग निळसर आणि ऊब मिळाल्यावर लाल होत असतील, तर तो नुसता गारठा नाही. मॉरिस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये हे लिहून ठेवलं, म्हणून त्याला ‘रेनॉड’ म्हणतात. बहुतेकांना, विशेषतः तरुण मुलींना, त्यापासून काही धोका नसतो. थोड्या जणांत मात्र ती सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजेच स्क्लेरोडर्मा, या आजाराची पहिली खूण असते.

या आजारात कातडी कडक होते आणि ती सगळ्यांना दिसते. पण आत बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडून त्या अरुंद होत असतात, ते दिसत नाही. बोटांच्या टोकांना जखमा, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा वाढलेला दाब आणि मूत्रपिंडाचा अचानक बिघाड, या तिन्हींमागे हेच कारण असतं.

म्हणून रिपोर्टची पिशवी पुढं ठेवून बहुतेक जण मला एकच प्रश्न विचारतात, “डॉक्टर, रक्तावरून पुढं काय होणार ते कळतं का?” थोडंफार कळतं. पण कोणता आकडा कशासाठी बघायचा हे तुम्हालाही माहीत हवं.

आधी वाट कोणती ते कळतं

एएनए पॉझिटिव्ह आला म्हणून घाबरू नका. निरोगी माणसातही तो येतो. खरी माहिती मिळते ती त्यापुढच्या अँटिबॉडींतून. अँटी-सेंट्रोमिअर असेल तर आजार सावकाश चालतो, पण कैक वर्षांनी फुप्फुसातला दाब वाढू शकतो. एससीएल-७० असेल तर फुप्फुस कडक होण्याची आणि बोटांना जखमा होण्याची भीती जास्त. आरएनए पॉलिमरेज ३ असेल तर मूत्रपिंडावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं.

सोबत नखाच्या कडेच्या केशवाहिन्या भिंगातून बघतात. रेनॉड असलेल्या ५८६ जणांवर वीस वर्षांपर्यंत लक्ष ठेवून २००८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. ज्यांच्यात या आजाराची अँटिबॉडी आणि बिघडलेल्या केशवाहिन्या दोन्ही होत्या, त्यांतल्या जवळपास ८० टक्के लोकांना पुढे आजार झाला. दोन्ही ठीक असलेल्यांत हे प्रमाण २ टक्क्यांहूनही कमी होतं.

वेळ कधी आली ते दुसरे आकडे सांगतात

अँटिबॉडी सहसा बदलत नाही, त्यामुळे ती दर वर्षी करून पैसे घालवू नका. दर वर्षी करायच्या तपासण्या वेगळ्या आहेत. एनटी-प्रोबीएनपी हा पदार्थ हृदयावर ताण आला की रक्तात वाढतो. वय, मूत्रपिंडाचा आजार किंवा हृदयाच्या डाव्या बाजूचा त्रास यांनीही तो वाढतो, म्हणून एकटा तो पुरेसा नाही. २०१४ च्या ‘डिटेक्ट’ अभ्यासात त्याला युरिक अॅसिड, अँटी-सेंट्रोमिअर, ईसीजी, फुप्फुसाची तपासणी आणि चेहऱ्यावरच्या लाल ठिपक्यांची जोड दिली आणि मग कोणाची इको करायची ते ठरवलं. या पद्धतीत फुप्फुसदाबाचे ४ टक्के रुग्ण निसटले. तेव्हाच्या रूढ पद्धतीत २९ टक्के निसटत होते.

माझ्याकडे येणाऱ्या एका ताईंचं सांगतो. अँटी-सेंट्रोमिअर पॉझिटिव्ह, बोटं दर हिवाळ्यात पांढरी, बाकी तब्येत बरी. पहिली दोन वर्षं एनटी-प्रोबीएनपी ठीक होतं. “दर वर्षी तेच येतं, मग कशाला?” असं त्या म्हणायच्या. तिसऱ्या वर्षी आकडा दुपटीहून वर गेला. विचारल्यावर कळलं की गवताचा भारा घेऊन बांध चढताना दम लागतो. घरच्यांनी ते वयावर आणि कमी रक्तावर ढकललं होतं. पुढच्या तपासण्यांत फुप्फुसातला दाब वाढलेला निघाला. गोळ्या सुरू आहेत. भारा आता त्या उचलत नाहीत, पण घरचं सगळं करतात. तो एकटा आकडा बघून काही कळलं नसतं. मागच्या दोन वर्षांचे आकडे शेजारी होते म्हणून कळलं.

हिमोग्लोबिनकडेही असंच बघा. आपल्याकडे बाईचं रक्त कमी म्हटलं की लोहाच्या गोळ्या दिल्या आणि विषय संपला. या आजारात मात्र जठरातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांतून हळूहळू रक्त झिरपत असू शकतं. गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन घसरत असेल तर दुर्बिणीने जठर बघून घ्या.

महागड्या मार्करचं काय?

व्हीईजीएफ, एंडोस्टॅटिन, एंडोथेलिन-१ यांवर बरंच संशोधन झालं आहे. रुग्णांच्या गटात त्यांचं प्रमाण वेगळं दिसतं. पण समोर बसलेल्या एका माणसाला बोटाची जखम होईल की नाही, हे त्यावरून खात्रीने सांगता येत नाही. सध्या त्यांवर खर्च करू नका. तरी हे संशोधन वाया गेलेलं नाही. १९८८ मध्ये सापडलेल्या एंडोथेलिनला अडवणारं बोसेंटन आज फुप्फुसदाबासाठी आणि बोटांच्या नव्या जखमा कमी करण्यासाठी वापरतात.

लॅबमध्ये न मिळणारा आकडा

आरएनए पॉलिमरेज ३ पॉझिटिव्ह असेल किंवा कातडी झपाट्याने कडक होत असेल, तर सगळ्यात मोलाचा आकडा घरातल्या बीपी मशीनवर असतो. तुमचं नेहमीचं बीपी १००/६० असेल आणि एक दिवस १३०/८० आलं, तर शेजारी म्हणतील, “नॉर्मल आहे की!” तुमच्यासाठी ते नॉर्मल नाही. वरचा आकडा ३० ने किंवा खालचा २० ने वाढला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि क्रिएटिनिन व लघवी तपासा. १९९० च्या एका अभ्यासात अशा मूत्रपिंडाच्या बिघाडानंतर एसीई इनहिबिटर गोळ्या मिळालेल्यांपैकी ७६ टक्के एक वर्षानंतर जिवंत होते. त्या न मिळालेल्यांत फक्त १५ टक्के. पण या गोळ्या आधीपासून ‘सावधगिरी’ म्हणून घ्यायच्या नसतात.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, फारशा न शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यांना ते जमलं, तर बीपी मोजून वहीत लिहिणं तुमच्या घरातही जमेल.

आणखी तीन गोष्टी पाळा. मिश्री, तंबाखू, विडी पूर्ण बंद, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आणखी आवळतात. सांधे दुखतात म्हणून परस्पर स्टेरॉइड घेऊ नका. दिवसाला १५ मिलिग्रॅमहून जास्त प्रेडनिसोलोनने मूत्रपिंडाचा धोका वाढतो. सुरू असेल तर स्वतःहून एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि जुने रिपोर्ट फेकू नका. तारखेनुसार एका फाइलमध्ये लावा आणि दर वेळी ती सोबत आणा.