जादा हप्ता की मांडव?

रविवार, मळवली.

साखरपुड्याआधीच घर झालं. कर्ज माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या नावावर, निम्मा हप्ता माझा. 25 लाख, साडेआठ टक्के, 20 वर्षं. हप्ता जवळपास 21,700 रुपये. त्यातलं पहिल्या महिन्याला 17,700 नुसतं व्याज! म्हणून सुरुवातीलाच मुद्दलात टाकलेला पैसा जास्त कामी येतो. दरवर्षी एक हप्ता जादा भरला तर तीन वर्षांहून अधिक वाचतात. बदलत्या दराच्या कर्जाला त्यासाठी दंडही नाही.

आई म्हणते, "लग्न एकदाच होतं गं." खरंय. मुद्दलात गेलेला पैसा मांडववाल्यासाठी परत मिळत नाही, आणि लग्नाला वैयक्तिक कर्ज काढलं तर व्याज याहून चढं. (लोणावळ्याचे रिसॉर्टवाले आम्हालाही मुंबईकरांचेच भाव सांगतात.) होणाऱ्या नवऱ्याला लग्नासाठी वर्षभर जादा हप्ता थांबवायचाय. मला वाटतं, बोनस मुद्दलात जावा, पगारातली बचत आवर्ती ठेवीत.

महात्मा फुल्यांनी 1873 पासूनच कमी खर्चाची सत्यशोधक लग्नं लावून दाखवली. आम्ही नोंदणी पद्धतीनं करणार. 30 दिवस आधीची नोटीस या आठवड्यात देतोय. मग कार्ल्याला एकवीरेचं दर्शन, आणि जेवण दीडशे पानांचं. त्यावर एकही पान वाढणार नाही.